मीठ एकाच हाताचं

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारी चारशे दहा माणसं जेवायची, आणि त्या चारशे दहा जणांच्या जेवणात मीठ घालण्याचा अधिकार फक्त एका माणसाला होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस केव्हाच निवृत्त होऊन गेला होता.

हा अधिकार उस्तादांनी स्वतःच स्वतःला दिलेला, आणि त्याला तसं कारण घडलं होतं. ते नवे नवे मुख्य आचारी झाले तेव्हा एका सकाळी वाटाण्याच्या सुपात तिघांनी, एकमेकांना न विचारता, मीठ घातलं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा विसरलाय. साठ लिटरचं पातेलं मोरीत ओतावं लागलं आणि कामगारांनी त्या दिवशी कोरडा पाव चावला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नियम केला: मीठ एकाच हाताचं. मिठाचा पत्र्याचा डबा भट्टीच्या डाव्या बाजूच्या फळीवर गेला आणि अठरा वर्षांत तो पुसण्यापुरताच तिथून हलला. पाठोपाठ जेवणाच्या टेबलांवरच्या मिठाच्या डब्याही उस्तादांनी उचलल्या. "टेबलावर मीठ ठेवायचं म्हणजे येणाऱ्याच्या हातात दगड द्यायचा आणि म्हणायचं, मार मला," हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

मोजमाप मुठीचं. सुपाला तीन मुठी आणि वर चार बोटांची चिमूट, रश्श्याला चार मुठी, भाताच्या पाण्याला दोन. कोपऱ्यात वजनकाटा होता, पण त्यावर फक्त आलेला माल चढायचा. आपल्या हाताला चव आहे असं उस्ताद स्वतः कधी म्हणाले नाहीत. लोकांनी म्हटलं की मात्र ते अडवायचेही नाहीत.

अंगाने ते भरदार होते, आणि भरदार म्हणजे एकशे चार किलो. उंची बेताची असल्यामुळे हे सगळे किलो पुढच्या बाजूला, एप्रनच्या नाडीवर जमले होते. वाळक्या आचाऱ्याच्या हातचं खाण्याआधी दोनदा विचार करावा, असं ते नव्या कामगारांना बजावत आणि पोटावरून हात फिरवत. पण एका सकाळी सुपाचं पातेलं भट्टीवरून उतरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पातेल्याचा दुसरा कान बटाटेबाईंच्या हातात होता. उस्तादांच्या हातातला कान सुटतोय हे त्यांनी पाहिलं आणि सगळं वजन स्वतःकडे ओढून घेऊन पातेलं परत भट्टीवर टेकवलं. त्यांच्या मनगटावर उकळतं सूप सांडलं. उस्ताद भिंतीला धरून खाली बसले आणि म्हणाले, "काही नाही, पाय घसरला." फरशी खडखडीत कोरडी होती.

या बटाटेबाई म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन नंबरच्या आचारी. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कामाला लागल्या, पहिली चार वर्षं नुसते बटाटे सोलले, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलं. आता त्या रस्सा, भाज्या, पाव, सगळं करत. फक्त मीठ सोडून. पंधरा वर्षं त्या मिठाच्या डब्याशेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी त्याचं झाकणही उघडलं नव्हतं.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी उस्तादांचा रक्तदाब तीनदा मोजला, कारण पहिल्या दोन आकड्यांवर त्यांचा विश्वास बसेना. वरचा आकडा एकशे बहात्तर. त्यांनी गोळी लिहून दिली, आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या असं करायला लागल्या की समोरच्याने खुर्ची घट्ट धरावी, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

"चार महिने देते," त्या म्हणाल्या. "नऊ किलो उतरवायचे आणि वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आणायचा. तोवर जड उचलायचं नाही. चार महिन्यांनी जमलं नसेल तर मी तुम्हाला भट्टीपाशी उभं राहू देणार नाही. तुमची बदली कोठीत."

"कोठीत काय करू मी?"

"बसायचं. पोती आली की सही करायची."

"आणि स्वयंपाक?"

"तो दुसरं कोणीतरी करेल. उद्या तुम्ही पातेल्यासकट पडलात तर तुम्ही भाजाल आणि शेजारचाही भाजेल. त्या बाईंचं मनगट बघितलंत का?"

उस्तादांनी बघितलं होतं.

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची खोली. तिथे आधीचा कोठीवाला खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारा झाला होता. भट्टी, वाफ, सकाळी सातला उकळायला लागणारं पाणी, एक वाजता खिडकीसमोर लागणारी रांग, यातलं काहीच तिथे नव्हतं. उस्तादांना ही भीती रक्तदाबापेक्षा मोठी वाटली. ते तसं बोलले नाहीत, पण त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्यापासून माझ्यात मीठ नको, साखर नको."

बायको शाळेच्या कचेरीत काम करायची आणि तिला अर्धवट कामाचा तिटकारा. तिने दुसऱ्या दिवशी घरातलंच मीठ बंद केलं. "एका घरात दोन पातेली चढवायला मी काही कॅन्टीन उघडलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही अळणी खाणार तर मीही अळणी खाणार. मग बघू कोण आधी रडतं." लिंबू, लसूण, मिरपूड, भाजलेला कांदा, जे जे म्हणून जिभेला फसवू शकतं ते सगळं तिने वापरून पाहिलं. जीभ फसली नाही. पहिल्या आठवड्यात उस्ताद जेवायला बसत ते शिक्षा झालेल्या माणसासारखे.

साखरेचं आणखी अवघड. ते दिवसाला नऊ कप चहा घ्यायचे, प्रत्येकात दोन चमचे. डॉक्टरीणबाईंनी अठरा चमचे साखर त्यांच्यासमोर एका वाडग्यात काढून दाखवली होती, आणि तो ढीग पाहून उस्तादांनी प्रामाणिकपणे विचारलं होतं, "ही किती दिवसांची?" आता कप तीनवर आले आणि साखर शून्यावर. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, पाचव्या दिवशी त्यांनी मॅनेजरशी विनाकारण वाद घातला. आठवड्यानंतर ते चहाला चहा म्हणेनासे झाले. "ते गरम पाणी आण," एवढंच म्हणत.

महिन्याने ते ताठ मानेने डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर चढले. एकशे तीन किलो सहाशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय," उस्ताद म्हणाले.

डॉक्टरीणबाई स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या, काट्याने त्यांचं वजन बरोबर दाखवलं, आणि त्या खाली उतरल्या. "खरं सांगा, चोरून काय खाता?"

उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर त्यांनी पुडिंगच्या ट्रेकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. कॅन्टीनचं ताट बंद होतं, घरून डबा येत होता, डब्यात उकडलेलं होतं आणि ते उकडलेलं ते शेवटच्या घासापर्यंत संपवत होते. आपण उपाशी राहून बदनाम होतोय याचं त्यांना फार वाईट वाटलं. परत येऊन त्यांनी हे सगळं बटाटेबाईंना सांगितलं. बाई ऐकत कांदा चिरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची रांग संपल्यावर बाईंनी त्यांच्यासमोर एक वाटी ठेवली. वाटीत शेंगदाण्याएवढे पांढरे घेवड्याचे दाणे होते.

"मोजा," बाई म्हणाल्या.

उस्तादांनी मोजले. एक्केचाळीस.

"सकाळी सातपासून आतापर्यंत. तुम्ही एकदा चव घेतली की एक दाणा टाकत होते."

"अगं, चव घेणं म्हणजे काय खाणं झालं?"

"मोठ्या चमच्याने घेता, उस्ताद. भरून. रस्सा सोळा वेळा, सूप अकरा वेळा. पुडिंगकडे बघत नाही म्हणता, पण पुडिंगवरच्या सॉसचे सहा दाणे आहेत यात. मला वाटतं दोन माणसांचं जेवण होईल हे."

उस्तादांनी वाटीकडे पाहिलं, मग हातातल्या चमच्याकडे. पस्तीस वर्षं आचारीपण केलं आणि चाखलेलं पोटात जातं हे त्यांना माहीत नव्हतं, असं म्हणायचं तर हसू येईल. पण खरोखरच माहीत नव्हतं. चाखणं म्हणजे काम. काम कुठे अंगाला लागतं? सगळे आचारी असंच मानतात, आणि म्हणूनच त्यांचे एप्रन पुढून आखूड होतात.

त्या दिवसापासून त्यांनी मोठा चमचा बाजूला ठेवला आणि चहाचा चमचा घेतला. एका पातेल्याला एकदाच चव, तीही पाव चमचा. सॉस तर जिभेला लावायचाच नाही. आणि मग मात्र काटा हलायला लागला. आठवड्याला किलो, कधी पाऊण किलो. एप्रनची गाठ पाठीमागून पुढे आणून मारता यायला लागली. दुसरा महिना संपता संपता ते जिन्यावर मध्ये न थांबता वर पोहोचले, आणि वर पोहोचल्यावर कोणीतरी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

याच सुमारास एक गंमत झाली. घरच्या अळणी जेवणाला चव यायला लागली. एका दुपारी डब्यातलं गाजर त्यांना इतकं गोड लागलं, की त्यांनी बायकोला फोन करून विचारलं, यात साखर घातलीस का. बाजारचा पाव खारट लागला. बाटलीतला टोमॅटो सॉस एकदा बोटाला लागला म्हणून चाटला, तर तो त्यांना नुसता साखरेचा पाक वाटला. बायकोलाही तसंच होत होतं. दोघं नवराबायको जेवताना घेवड्याचं कौतुक करायला लागले होते.

आणि एका सकाळी उस्तादांनी सुपात नेहमीच्या तीन मुठी टाकल्या, पाव चमचा जिभेवर घेतला, आणि तोंड वाकडं केलं. सूप कुठलं, खारं पाणीच. त्यांनी त्यात पाणी वाढवलं, बटाटे टाकले, आणि दिवसभर अस्वस्थ राहिले. आपण अठरा वर्षं चारशे लोकांना हे पाजत होतो? डॉक्टरीणबाईंनी आपल्याला ज्यातून बाहेर काढलं, त्यात आपण रोज दुपारी चारशे माणसं बुडवतोय?

त्यांचा हेतू चांगला होता, हे सांगायलाच हवं. चांगल्या हेतूने माणूस जितका आंधळा होतो तितका वाईट हेतूने होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनच्या दोन मुठी केल्या. आठवड्याने दोनाची दीड. रश्श्याच्या चाराच्या दोन. कोणाला सांगितलं नाही. मीठ एकाच हाताचं, तेव्हा कोणाला सांगायची गरजही नव्हती.

पहिल्या दिवशी लेथवाला खिडकीशी आला. हा लेथवर काम करणारा उंच, हाडकुळा माणूस रोज जेवणाला नावं ठेवायचा आणि रोज दोनदा वाढून घ्यायचा.

"उस्ताद, आज आजाऱ्यांचं जेवण आहे का?"

"का? काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं मीच आजारी आहे."

चार-पाच दिवस अशी कुरकुर चालली. वाडग्यांमध्ये सूप उरून परत येई. मग कुरकुर थांबली. वाडगे पुसून घेतल्यासारखे रिकामे यायला लागले, लेथवाला गप्प झाला, तक्रारवही कोरी. उस्तादांना आभाळ ठेंगणं झालं. "लोकांची जीभ वळवता येते, बाई," ते म्हणाले. "फक्त धीर पाहिजे. पाच दिवसांत वळली."

"हो ना," बटाटेबाई म्हणाल्या आणि पावाचे ट्रे मोजायला गेल्या.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा न काढता उस्तादांशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दाराशी नोटीस लागली: आपल्या कॅन्टीनच्या जेवणातलं मीठ निम्म्याने कमी करण्यात आलं असून त्याचं सर्व श्रेय मुख्य आचाऱ्यांना आहे, कोणालाही चवीत फरक जाणवलेला नाही. उस्ताद येता-जाता ती नोटीस वाचत. शेवटच्या वाक्याशी थोडे थांबत. दीड महिना ती तिथे होती आणि दीड महिना चारशे दहा माणसं तिच्यासमोरून जेवायला जात होती.

चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तपासणीला चार दिवस राहिले असताना, बटाटेबाईंची दाढ दुखायला लागली. दाढ काढायची म्हणून त्यांनी एक दिवस रजा घेतली. पंधरा वर्षांत मोजून सहावी रजा. उस्तादांनी दुसऱ्या दोघांना हाताशी घेऊन सगळा स्वयंपाक वेळेत उरकला आणि एक वाजता खिडकी उघडली.

दीड वाजेपर्यंत धुण्याच्या हौदाशी वाडग्यांची चळत लागली. सूप अर्धं, रस्सा अर्धा, भात नुसता उकरलेला. ढकलगाडीवरून खरकटं नेणारा माणूस दोनदा जाऊन आला. उस्ताद खिडकीतून बघत राहिले. कोणी काही बोलत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. शेवटी लेथवाला आला, रिकामा नसलेला वाडगा त्याने हळूच ठेवला आणि विचारलं, "बाई आज नाहीत का?"

"दाढ काढायला गेल्यात."

"उद्या येतील ना?" लेथवाल्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

उस्ताद आत आले. बाई जिथे उभं राहून भट्टीवरची पातेली खिडकीकडच्या भांड्यांत ओतायच्या, त्या टेबलापाशी थांबले. जड उचलायला बंदी झाल्यापासून हे काम बाई आणि आणखी एक जण करायचे. उस्ताद तेव्हा भट्टी बंद करत असायचे, पाठमोरे. टेबलाखाली व्हिनेगरच्या बाटल्या होत्या. बाटल्यांमागे चहापत्तीचा जुना डबा होता. त्यांनी तो उघडला. आत मीठ, आणि मिठात खोचलेला एक मोठा चमचा.

ते पावाच्या रिकाम्या ट्रेवर बसले. आधी राग आला. मग हिशेब लागला: कुरकुर कधी थांबली, ताटं कधीपासून रिकामी यायला लागली, हो ना म्हणून बाई ट्रे मोजायला का गेल्या. आपण घरचा डबा खायचो आणि पाव चमच्यापलीकडे स्वतःच्या स्वयंपाकाला जीभ लावत नव्हतो. दीड महिना आपल्या नावावर काय वाढलं जात होतं हे आपल्याशिवाय कोणालाही सांगता आलं असतं. मग ती नोटीस आठवली आणि त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी एप्रन तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी बटाटेबाई आल्या तेव्हा त्यांचा एक गाल सुजलेला होता. टेबलावर चहापत्तीचा डबा मधोमध ठेवलेला होता. बाईंनी तो पाहिला, पर्स खुंटीला लावली आणि एप्रन बांधला.

"किती दिवस?" उस्तादांनी विचारलं.

"सहाव्या दिवसापासून."

"नियम काय आहे आपल्याकडे?"

"मीठ एकाच हाताचं," बाई सुजलेल्या गालातून म्हणाल्या. "मोडला मी."

"मला सांगता आलं नसतं? पंधरा वर्षं शेजारी उभी आहेस. एक शब्द, बाई. अळणी झालंय, एवढं म्हणायचं."

"मग तुम्ही काय केलं असतंत?"

"काय म्हणजे? चव घेतली असती."

"तेच," बाई म्हणाल्या. "एकदा घेतली असतीत, तुम्हाला बरोबर लागलं असतं. मग परत घेतली असतीत. मग मोठा चमचा काढला असतात. मग घरी मीठ सुरू केलं असतंत, जीभ पूर्वीसारखी करायला म्हणून. तुमची जीभ जागेवर आली असती आणि तुम्ही कोठीत गेला असतात." त्यांनी सुरी घेतली आणि कांद्याची टोपली पुढे ओढली. "मला ते नको होतं. त्या दिवशी पातेल्याचा कान सुटला ना तुमच्या हातातून, मी तुमचा चेहरा बघितलाय. मनगट भाजलं ते नंतर कळलं मला."

भांडायला आलेल्या माणसाजवळ भांडण उरलं नाही की त्याला हात कुठे ठेवावेत कळत नाही. उस्तादांनी मग बाईंच्या टोपलीतला एक कांदा घेतला आणि सोलत बसले.

तपासणीच्या दिवशी काट्याने चौऱ्याण्णव किलो दोनशे दाखवले. वरचा आकडा एकशे छत्तीस. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद त्यांच्या हातात दिला. भट्टी राहिली. उस्तादांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"ती नोटीस काढा," ते म्हणाले. "खोटी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच्या जिभेबद्दल, चहापत्तीच्या डब्याबद्दल, कमी न झालेल्या मिठाबद्दल. फक्त तो डबा कोणाचा हे सांगताना ते म्हणाले, "माझ्याच स्वयंपाकघरातला," आणि डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्हाला भट्टीपाशी उभं राहता येईल, पण चव सांगता येणार नाही."

"हो."

"आणि चव परत आणायची तर परत मीठ खायला लागेल."

"हो."

"मग काय करणार?"

"जी माणसं जेवतात त्यांची जीभ जिच्याकडे आहे, ती सांगेल," उस्ताद म्हणाले. "मी ऐकेन. बाकी पस्तीस वर्षांचं सगळं आहेच माझ्याकडे, फक्त ते एक नाही." हे बोलताना त्यांना फार त्रास झाला. वजन उतरवताना जितका झाला नव्हता तितका.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मीठ कमी व्हायला हवं हे खरंच आहे, पण आठवड्याला चिमूटभर, आणि खाणाऱ्यांना सांगून. उस्तादांनी ते मान्य केलं.

त्या दुपारी त्यांनी सुपाखालची आच कमी केली आणि चमचा बाईंच्या पुढे धरला. दोघं मदतनीस काम थांबवून बघायला लागले. बाईंनी चाखलं. "कमी आहे," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत हे वाक्य त्या स्वयंपाकघरात कोणी उच्चारलं नव्हतं. उस्ताद फळीपासून बाजूला झाले. बाईंची मूठ लहान होती. त्यांच्या तीन मुठी पडल्या आणि उस्तादांच्या ओठांवर आलेली सूचना त्यांनी गिळून टाकली.

एक वाजता खिडकी उघडली. दाराजवळच्या नोटिशीच्या जागी चार टाचण्यांची भोकं होती. लेथवाला रांगेत तिसरा होता. त्याने सूप घेतलं, तिथेच उभं राहून एक घोट प्यायला आणि म्हणाला, "जमलंय आज, उस्ताद."

उस्तादांनी मागे बघितलं. बाई ट्रेमध्ये पाव रचत होत्या, मान खाली घालून. इथे नुसतं हसलं असतं तरी भागलं असतं.

"माझं नाही," उस्ताद सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मीठ बाईंचं आहे. गेला दीड महिना त्यांचंच होतं. मला कळत नव्हतं."

रांगेत कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. लेथवाल्याने वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला.

"आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "बाई प्रत्येक टेबलापाशी येऊन सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या, थोडे दिवस सांभाळून घ्या, वहीत काही लिहू नका, नाहीतर उस्तादांना कोठीत बसवतील."

"सगळ्यांना?"

"रजेवरून परतणाऱ्यांनासुद्धा."

उस्तादांना ती कोरी वही दिसली, आणि रोज ती नोटीस वाचून आत येणारी, तोंडातून अवाक्षर न काढणारी चारशे दहा माणसं दिसली.

"परवा तुम्ही ते अळणी पाणी वाढलंत," लेथवाला म्हणाला, "तेव्हा माझ्या मागचा लिहायला निघाला होता. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, हा माणूस कोठीत गेला तर आपण रोज नावं कोणाला ठेवायची?"

उस्तादांचे डोळे भरून आले. समोर वाफ होती, पण त्यांनी वाफेचं निमित्त केलं नाही. ते तसेच, सगळ्यांसमोर, वगराळं हातात धरून रडले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाने त्यांचं होईपर्यंत आपला वाडगा खाली धरून ठेवला.